मनूचा कुंभ

खाली न उतरणाऱ्या एका लिफ्टविषयी मी बराच विचार केला आहे. फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहराजवळ, डिस्नीच्या एपकॉट या उद्यानात, १५ जानेवारी १९८६ रोजी ‘द लिव्हिंग सीज’ नावाचे सागरदालन उघडले. आत येणाऱ्याला आधी पृथ्वीवरच्या आद्य पर्जन्याचा आणि त्यातून भरत गेलेल्या समुद्रांचा एक छोटा चित्रपट दाखवीत आणि मग ‘हायड्रोलेटर’ नावाच्या बंदिस्त कक्षात उभे करीत. दार मिटे, पायाखालची जमीन थरथरू लागे, खिडकीबाहेरचे खडक वर सरकत, बुडबुड्यांचे लोट चढू लागत, आणि काही क्षणांनी समोरचे दार उघडे तेव्हा माणूस ‘सीबेस अल्फा’ या समुद्रतळावरच्या संशोधनकेंद्रात पोहोचलेला असे. वास्तविक तो कक्ष जेमतेम बोटभर हललेला असे. दालनाचे प्रायोजकत्व युनायटेड टेक्नॉलॉजीज या कंपनीकडे होते, आणि जगभर लिफ्ट बांधणारी ओटिस कंपनी तेव्हा तिच्याच मालकीची होती. माणसांना खरोखर वरखाली नेण्याची विद्या ज्यांना अवगत, त्यांच्याच छत्राखाली ही न उतरणारी लिफ्ट उभी राहिली, यात मला फसवणूक दिसत नाही. सभामंडपाच्या उजेडातून गाभाऱ्याच्या अंधारात जाताना पाऊल दोन-तीन पायऱ्यांहून अधिक खाली पडत नाही, पण तेवढ्या अवधीत बाहेरचा बाजार मागे राहतो, डोळे निवतात आणि समईच्या प्रकाशात मूर्तीची रेषा हळूहळू प्रकट होते. त्या लिफ्टनेही बहुधा हेच साधले असावे, की अंतर न कापता चित्ताला एका निराळ्या खोलीची तयारी करून द्यावी.

दार उघडल्यावर जे सामोरे येई ते मात्र आभासी नव्हते. २०३ फूट व्यासाची, २७ फूट खोल अशी वर्तुळाकार टाकी आणि तीत ५७ लाख गॅलन, म्हणजे दोन कोटी लिटरांहून अधिक खारे पाणी. २००५ मध्ये अटलांटाचे जॉर्जिया ॲक्वेरियम उघडेपर्यंत जगातल्या मत्स्यालयांत हिचा मान पहिला होता. पण मला तिच्या आकारापेक्षा तिच्या घडणीचे अप्रूप अधिक वाटते. ऑर्लँडो हे द्वीपकल्पाच्या पोटातले गाव. तिथून कोणताच किनारा दिसत नाही, भरतीओहोटीचा वास येत नाही. म्हणून तिथे समुद्र आणला नाही, तो सिद्ध केला: गोड्या पाण्यात लवणे कालवून खारे पाणी निर्माण केले, कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळभित्तीची प्रतिकृती माणसांच्या हातांनी उभी केली, आणि त्या रचलेल्या पाण्यात, त्या घडवलेल्या प्रवाळांच्या कपारींतून खरे मासे, खरी कासवे, खरे शार्क विहरू लागले. निर्जीवाची इतकी काटेकोर रचना केवळ सजीवाला क्षणभर आपले घर आठवावे म्हणून करायची, या उद्योगात कलावंताचा अट्टाहास आहे आणि यजमानाची ममताही. माशाला ते घर वाटते की नाही, याचे उत्तर मासा देत नाही. तो फक्त जगतो किंवा मरतो, आणि त्याचे जगणे हेच कारागिराचे प्रमाणपत्र.

पाणी साठवणे सोपे, ते जिवंत राखणे कठीण. माशाच्या उत्सर्गातून अमोनिया साचतो आणि तो त्याच माशाला मारतो. न दिसणारे जिवाणू त्या विषाचे टप्प्याटप्प्याने सौम्य क्षारांत रूपांतर करीत राहतात, म्हणून टाकी टिकते. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनज्ञाने १८५० च्या सुमारास काचपात्रात सोनमासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या, कुजक्या पानांचा निचरा होईना तेव्हा गोगलगायी सोडल्या, आणि तिघांच्या परस्परावलंबनातून पाणी स्वच्छ राहते हे जगाला दाखवले. एपकॉटच्या प्रचंड गाळणयंत्रांमागे हेच लहानसे सत्य काम करीत असते. काचेसमोर उभ्या राहिलेल्या सहस्रावधी लोकांपैकी क्वचितच कोणाच्या मनात त्या जिवाणूंचा विचार येत असेल. दृश्य वैभव नेहमीच अशा अदृश्य चाकरीवर उभे असते.

पाण्यात मासा ठेवण्याची आपल्या परंपरेतली अतिप्राचीन कथा शतपथ ब्राह्मणात आहे. प्रातःकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक इवला मासा येतो आणि म्हणतो, माझे पोषण कर, मी तुला तारीन. लहान माशांना मोठे मासे गिळतात, म्हणून त्याला आसरा हवा असतो. मनू त्याला कुंभात ठेवतो, कुंभ अपुरा पडल्यावर खड्ड्यात, आणि तोही अपुरा पडल्यावर समुद्रात सोडतो. पुढे प्रलय येतो तेव्हा तोच मत्स्य नौका ओढून नेतो. पुढच्या पुराणांनी या माशाला विष्णूचा अवतार केले आणि कथेचे तेज वाढले, तरी मला तिचे हे आरंभीचे, अनलंकृत रूप अधिक भावते. त्यात मनू माशाकडे पाहत बसल्याचा उल्लेख नाही. त्याचा कुंभ हा दर्शनासाठी नव्हता. तो एका मुदतीपुरता होता. वाढलेल्या जिवाला त्याच्या समुद्राकडे परत पोचवण्याची मुदत. युरोपातल्या काचपात्राचा इतिहास वाचताना हा कुंभ माझ्या मनाच्या कडेला सतत असतो.

कारण ते काचपात्रही आरंभी प्रदर्शनासाठी जन्मले नव्हते. झान व्हिलप्रे-पॉवर ही मूळची फ्रेंच भरतकाम करणारी स्त्री सिसिलीतल्या मेसिना येथे राहू लागली आणि १८३२ च्या सुमारास तिने समुद्री जीव निरखण्यासाठी काचेच्या टाक्या बनवून घेतल्या. आर्गोनॉट हा अष्टपादाचा आप्त आपले नाजूक कवच दुसऱ्या प्राण्याचे हिरावून घेतो की स्वतः घडवतो, हा त्या काळचा वाद. तिने जिवंत प्राण्याकडे धीराने पाहत राहून तो स्वतः घडवतो हे सिद्ध केले. सुईच्या टोकावर दृष्टी स्थिर ठेवण्याची सवय असलेल्या हातांना हे साधावे, यात मला एक सुंदर औचित्य वाटते. पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यगृह उघडले, दुसऱ्या वर्षी फिलिप हेन्री गॉस याचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक निघाले, आणि इंग्लंडच्या घराघरांत काचपात्रांचे वेड शिरले. त्याचा मुलगा एडमंड याने वडिलांविषयीच्या १९०७ मधल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे, की अशा पुस्तकांनी प्रेरित झालेल्या हौशी संग्राहकांनी किनाऱ्यावरची खडकांमधली डबकी ओरबाडून काढली आणि वडिलांना त्याचे फार दुःख झाले. ज्या दृष्टीने समुद्र प्रिय केला, तिनेच किनारा उजाड केला. मनूचा मासा समुद्राकडे निघाला होता; गॉसच्या वाचकांचे मासे समुद्राकडून निघाले.

समुद्र शेजारी असूनही माणसाला काच का लागावी, हा प्रश्न मुंबईकराला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले आणि नंतरच्या कितीतरी पिढ्या, समोर अरबी समुद्र पसरलेला असताना, त्याच्याकडे पाठ करून तिकिटाच्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यांचे काही चुकले नाही. समुद्र पाहणाऱ्याला समुद्र आपला पृष्ठभाग तेवढा देतो. प्रकाश, लाटा, क्षितिज. आतले जग तो झाकून ठेवतो, आणि किनाऱ्यावर जन्म काढलेल्या माणसालाही ते जग पाहायला एक भिंत, एक दिवा आणि एक काच लागते.

फ्लोरिडात ही काच आली ती मात्र चित्रपटाच्या वाटेने. सेंट ऑगस्टीनजवळ १९३८ मध्ये ‘मरीन स्टुडिओज’ उघडले, पुढे ते मरीनलँड म्हणून प्रसिद्ध पावले. त्याच्या संस्थापकांत कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट व्हिटनी आणि डग्लस बर्डन यांच्या जोडीला इल्या टॉलस्टॉय होता, लिओ टॉलस्टॉयचा नातू. पाण्याखालची दृश्ये चित्रित करता यावीत म्हणून त्यांनी खारे पाणी भरलेल्या प्रचंड टाक्या बांधल्या आणि कॅमेऱ्यांसाठी भिंतींना गवाक्षे ठेवली. त्या गवाक्षांशी लोकांनी गर्दी केली. कॅमेऱ्याची जागा माणसांच्या डोळ्यांनी घेतली, आणि चित्रीकरणाचे स्थळ स्वतःच प्रेक्षणीय स्थळ झाले. ‘युद्ध आणि शांती’ लिहिणाऱ्या, आयुष्याच्या उत्तरार्धात करमणुकीच्या कलेला इतक्या कठोरपणे पारखणाऱ्या ऋषितुल्य माणसाचा नातू डॉल्फिनांच्या टाकीपाशी उभा आहे, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. वंशाचा प्रवाह कोणत्या किनाऱ्याला लागेल याचा अदमास आजोबांना कधीच नसतो. या मरीनलँडनेही निव्वळ करमणूक केली असे नाही: तिथला पहिला अभिरक्षक आर्थर मॅकब्राइड याने डॉल्फिन गढूळ पाण्यातही जाळे चुकवतात हे टिपून ठेवले, आणि ध्वनीने पाहण्याच्या त्यांच्या शक्तीचा तो एक आरंभीचा सुगावा ठरला.

एपकॉटचा वारसा दुहेरी होता. त्यात मरीनलँडची काच होती आणि शिवाय भविष्याची एक अढळ श्रद्धा होती. वॉल्ट डिस्ने यांना तिथे उद्यान बांधायचेच नव्हते, उद्याचे एक खरेखुरे वस्तीचे नगर उभारायचे होते. डिसेंबर १९६६ मध्ये ते गेले, नगर कागदावर राहिले आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी त्याच नावाने एक कायमची जागतिक जत्रा उघडली. तिच्या समुद्रदालनाने ज्या सागरतळवासाचे स्वप्न दाखवले ते वायफळ नव्हते. फ्रेंच सागरसंशोधक झाक कुस्तो याने १९६२ मध्ये मार्सेयच्या समुद्रात आणि १९६३ मध्ये तांबड्या समुद्रात माणसे पाण्याखालच्या घरांत ठेवून दाखवली होती, अमेरिकी नौदलाचे सीलॅब प्रयोग चालले होते. त्या दशकात अवकाश आणि सागरतळ ही एकाच महत्त्वाकांक्षेची दोन टोके होती. १९६९ मध्ये सीलॅबच्या तिसऱ्या प्रयोगात एक पाणबुड्या दगावला आणि तो उपक्रम थांबला. पण उत्सवांत स्वप्ने जरा अधिक काळ टिकतात, आणि १९८६ च्या जानेवारीत सीबेस अल्फाचे दार उघडले तेव्हा ते स्वप्न अजून ताजे वाटत होते. दालन उघडून दोन आठवडे होण्याआधीच, २८ जानेवारीला, फ्लोरिडाच्याच आकाशात चॅलेंजर यान सात जणांसह नष्ट झाले. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध काहीच नाही. तरी त्या पंधरवड्याकडे पाहताना मला वाटते, की भविष्यावरची ती निःशंक श्रद्धा तिथेच कुठेतरी प्रौढ झाली.

सीबेस अल्फाची खरी थोरवी मला मात्र त्या भविष्यचित्रात सापडत नाही. ती सापडते नव्वदच्या दशकात त्याच टाकीत झालेल्या एका संथ, प्रसिद्धीपासून दूर राहिलेल्या अभ्यासात. तिथल्या डॉल्फिनांसाठी पाण्याखाली चिन्हांचा एक कळफलक ठेवला होता. पाणबुडे आणि डॉल्फिन यांच्यात त्यातून संवाद होतो का, हे पाहायचे होते. ते चालू असताना संशोधकांना काही वेगळेच दिसले. हव्याशा वस्तूकडे डॉल्फिन थांबून, सबंध देह तिच्या रोखाने ताठ धरून निर्देश करीत, आणि मध्येच मान वळवून पाणबुड्याकडे पाहून घेत. बोट नसलेला प्राणी आपल्या सर्वांगाचे बोट करीत होता, आणि हे त्याला कोणी शिकवले नव्हते. हा शोध २००१ मध्ये ‘ॲनिमल कॉग्निशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढच्या एका अभ्यासात असेही आढळले, की समोरच्याचे लक्ष नसले तर हा निर्देश कमी होतो. मला या शेवटच्या वाक्यापाशी थांबावेसे वाटते. काचेच्या अलीकडून आपण पाहतो आणि पलीकडचे पाहिले जाते, अशी मत्स्यालयाची सारी मांडणी; पण इथे पलीकडून कोणीतरी आपल्या पाहण्याचीच परीक्षा घेत होते. आपले लक्ष आहे की नाही, हे त्याला कळत होते, आणि आपण लक्ष दिले तरच तो बोलणार होता. भरती आणि ओहोटी यांच्यामध्ये समुद्राचा जो श्वास थबकतो, तसा तो क्षण मला वाटतो: दोन प्राणिजाती एकमेकींच्या अवधानाची वाट पाहत पाण्यात स्तब्ध आहेत.

१९९८ मध्ये प्रायोजक निघून गेला. टाकीतल्या बोगद्यातून माणसांना फिरवणाऱ्या सीकॅब गाड्या पुढे बंद पडल्या, आणि उद्याचे म्हणून रंगवलेले केंद्र कालचे दिसू लागले. २००३ मध्ये पिक्सारचा ‘फाइंडिंग नीमो’ हा चित्रपट आला आणि दालनाला नवे आयुष्य लाभले: २००४ च्या अखेरीस क्रश नावाचे कासव पडद्यावरून मुलांशी बोलू लागले, २००५ मध्ये डागडुजीसाठी दालन मिटले, हायड्रोलेटर काढून टाकले गेले, आणि २००७ च्या आरंभी ‘द सीज विथ नीमो अँड फ्रेंड्स’ या नावाने त्याचे पुन्हा उद्घाटन झाले. आता शिंपल्यांच्या आकाराच्या गाड्या प्रवाशांना हरवलेल्या नीमोच्या शोधात नेतात आणि शेवटी चित्रातले मासे खऱ्या टाकीच्या काचेवर अशा कौशल्याने उमटतात, की ते खऱ्या माशांच्या सोबतीने पोहताहेत असे वाटते. जो कॅमेरा मरीनलँडमध्ये माशांना टिपायला आला होता, त्याने आपली स्वतःची मासळी पाण्यात सोडली.

नीमोची कथा आहे ती पकडून दंतवैद्याच्या काचपात्रात कोंडलेल्या पिल्लाची आणि त्याला समुद्रात परत नेण्यासाठी महासागर ओलांडणाऱ्या बापाची. जगातल्या एका भव्य मत्स्यालयाने स्वतःची कथा म्हणून सुटकेची कथा निवडली, याकडे दुर्लक्ष करून पुढे जाणे मला जमत नाही. नव्या रूपाची मी निंदा करणार नाही. क्रशशी बोलताना मुलांचे चेहरे कसे उजळतात हे मी पाहिले आहे. पडद्यामागे कोणी कुशल कलावंत त्याच क्षणी त्यांना उत्तर देत असतो आणि त्या उत्तरांत खरी आपुलकी असते. पण त्याच इमारतीत, काही पावलांवर, बोलता न येणारी सागरी कासवे सावकाश वळसे घेत असतात, आणि त्यांच्यासमोर थांबायला मुलांना आई-वडिलांची परवानगी अनेकदा मिळत नाही, कारण पुढच्या खेळाची वेळ झालेली असते. कथेशिवाय माणूस पाण्यात उतरत नाही हे खरेच. सीबेस अल्फा ही एक कथा होती, नीमो ही दुसरी. पहिली वीस वर्षांत जुनी झाली, दुसरीही होईल. पाणी मात्र त्याच क्षारांचे राहिले, आणि त्यातल्या जिवांना दालनाच्या नावाशी काही देणेघेणे नव्हते.

या सगळ्या कथांच्या मागे, फलकांपेक्षा लहान अक्षरांत, एक जुने काम चालू राहिले आहे. मॅनटी हा फ्लोरिडातला संथ, शाकाहारी सागरी प्राणी, आपल्याकडच्या समुद्रगाईचा आप्त. यंत्रनौकांच्या धडकेने जे मॅनटी जखमी होतात त्यांना बरे करून पुन्हा पाण्यात सोडण्याच्या कार्यात या दालनाच्या टाक्यांचाही वाटा आहे. आणि प्रवाळांची गोष्ट तर त्याहून विलक्षण आहे. २०१४ मध्ये मायामीजवळ पहिल्यांदा दिसलेला ऊतक नष्ट करणारा रोग फ्लोरिडाच्या प्रवाळभित्तीवर पसरत गेला, पुढे २०२३ च्या उन्हाळ्यात तिथले पाणी असह्य तापले. जवळच्या मॅनटी बे या खाडीत एका तापमापकाने ३८ अंश सेल्सिअसच्या वरची नोंद केली. निरोगी प्रवाळांचे तुकडे समुद्रातून काढून भूमीवर, टाक्यांमध्ये आणून जगवणे एवढाच मार्ग काही जातींसाठी उरला होता. २०२० पासून असे एक प्रवाळ बचाव केंद्र ऑर्लँडोत आहे. डिस्नीच्या संवर्धन निधीचा त्याला हातभार आहे, आणि ते चालवणारी संस्था सीवर्ल्ड, म्हणजे त्याच शहरातल्या प्रतिस्पर्धी उद्यानाची. ज्या गावात १९८६ मध्ये प्रवाळांच्या प्रतिकृती बांधाव्या लागल्या, तिथे आज खरे प्रवाळ आश्रयाला आले आहेत. समुद्र निवला, तर त्यांच्या संततीला परत न्यायचे आहे. इतक्या वर्षांच्या काचांनंतर आपण पुन्हा मनूच्या कुंभापाशी आलो आहोत, फक्त या वेळी मासा ओंजळीत आपण होऊन आला नाही. त्याचा समुद्र आपण तापवला आणि मग ओंजळ पुढे केली.

अमेरिकेत मुलांकडे जाणारी आपली किती माणसे नातवंडांचा हात धरून ऑर्लँडोला जातात. वाचकहो, तुम्ही गेलात आणि एपकॉटला पाय लागले, तर नीमोची फेरी संपताच बाहेर पडू नका. वरच्या मजल्यावर टाकीच्या आत शिरलेली निरीक्षणाची जागा आहे. तिथे नातवंडाला घेऊन स्वस्थ बसा, त्याला कंटाळा येऊ द्या, कंटाळ्याच्या पलीकडे जाऊ द्या. मग मॅनटींच्या टाकीपाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला विचारा, की सध्या इथे कोण उपचार घेत आहे आणि त्याला समुद्रात परत केव्हा सोडणार आहात.